धुराची परीक्षा व एंजिनाचे दुखणे

गेल्या माघात आमच्या संस्थेची मालवाहू मोटार धुराच्या परीक्षेत नापास झाली. सभासद जिला नुसते 'पिकअप' म्हणतात ती ही मोटार २०१३ सालची असून सभासदांचा कांदा, कोबी व फ्लॉवर घेऊन माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात जाते, आणि रिकामी क्रेट भरून तोच घाट परत चढते. आठवड्यातून अशा तीन फेऱ्या होतात. परीक्षेच्या कागदावर मर्यादेचा आकडा २.४५ व आमच्या गाडीचा आकडा ३.१ असा छापून आला. तो कागद घेऊन ड्रायव्हर कचेरीत आला तेव्हा तेथे जी चर्चा झाली ती ऐकूनच या विषयावर चार शब्द लिहावे असे आम्हांस वाटले. कारण तेथे बसलेल्या सात-आठ अनुभवी शेतकऱ्यांपैकी, ज्यांच्या दारी ट्रॅक्टर, मोटारसायकल व विहिरीवर एंजिन अशी यंत्रे वर्षानुवर्षे आहेत अशा त्या मंडळींपैकी, एकानेही 'गाडीस काय झाले आहे?' असा प्रश्न केला नाही. प्रश्न होता तो 'कागद आता कोठे मिळेल?' एवढाच.

आम्हीही त्याच मंडळींत बसलो होतो, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

एका सभासदाने सांगितले की अमुक एका ठिकाणी गाडीच्या धुराड्यास नळी न लावताच कागद हाती देतात, फक्त चार पैसे अधिक पडतात. दुसऱ्याचा सल्ला असा की परीक्षेच्या दिवसापुरते पंपाचे डिझेल कमी करून घ्यावे व कागद मिळताच पूर्ववत करावे. ड्रायव्हर बिचारा सर्वांचे ऐकून घेत होता. शेवटी तोच म्हणाला, "पण घाटात ती ओढत नाही हो आता. दिवाळीपासून डिझेलही जास्ती खाते." हे वाक्य कोणी मनावर घेतले नाही. वास्तविक सबंध दुखण्याचे निदान त्या एका वाक्यात होते. एंजिनात कमी-अधिक बिघाड झाला म्हणजे तो प्रथम ओढीत व इंधनाच्या खर्चात दिसतो, आणि धुराच्या परीक्षेत तो पकडला जातो तो बहुधा सर्वांत शेवटी. सबब नापासाचा कागद हा सरकारी जाच समजून दूर सारण्यापेक्षा, आपल्या खर्चाच्या वहीत कोठे गळती आहे हे दाखविणारे फुकटचे टिपण समजून वाचावा, असे आम्ही आता मानू लागलो आहो. ते टिपण कसे वाचावे, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याचे थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमान्वये गाडीच्या पहिल्या नोंदणीस एक वर्ष पुरे झाले की प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र, म्हणजे ज्यास सर्वजण पीयूसी म्हणतात ते, जवळ ठेवावे लागते. भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांस हे प्रमाणपत्र एक वर्ष चालते, त्याहून जुन्या गाड्यांस सहा महिने. भारत स्टेज चार हे मान सबंध देशास १ एप्रिल २०१७ पासून व भारत स्टेज सहा हे १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. आमची पिकअप त्या आधीची, म्हणून तिची परीक्षा दर सहामाहीस येते. प्रमाणपत्रावाचून गाडी चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपन्यांनी प्रमाणपत्रावाचून विम्याचे नूतनीकरण करू नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश होता. ती अट न्यायालयाने २०२४ साली काढून टाकली, तथापि प्रमाणपत्राची सक्ती त्यामुळे मुळीच कमी झालेली नाही. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. २०२१ च्या सुधारणेप्रमाणे नापास गाडीस कारणासह नापासाची चिठ्ठी द्यावयाची असते. ती मागून घ्यावी. फिटरास दाखविण्यास ती उपयोगी पडते, आणि केंद्राच्या यंत्रातच दोष असल्याचा संशय असेल तर तीच घेऊन दुसऱ्या केंद्रात परीक्षा देता येते. यंत्राची काच काजळीने माखलेली असल्यास आकडा चुकू शकतो, तेव्हा असा संशय घेणे काही गैर नव्हे. मात्र दोन केंद्रांत एकसारखाच आकडा आला, तर यंत्रास बोल लावण्यात अर्थ उरत नाही.

आता डिझेल गाडीची परीक्षा कशी होते ते पाहू. गाडी जागेवर उभी, गिअर न्यूट्रलमध्ये, एंजिन चांगले तापलेले. ॲक्सिलरेटर एकदम पुरता दाबावयाचा, एंजिन कमाल वेगास पोचले की सोडावयाचा, व हे पुनःपुन्हा करून प्रत्येक वेळच्या धुराच्या कमाल दाटपणाची सरासरी काढावयाची. गाडीवर ओझे नसते, परंतु स्वतःचे जड चाक क्षणार्धात गरगरा फिरविणे हेच त्या वेळी एंजिनास ओझे होते. पंप त्या क्षणी भरपूर डिझेल सोडतो आणि तेवढ्या डिझेलास तेवढी हवा मिळाली नाही की काळा लोट बाहेर पडतो. यंत्रात धुराच्या एका बाजूस दिवा व दुसऱ्या बाजूस प्रकाश मोजणारा डोळा असतो. २.४५ या आकड्याचा अर्थ असा, की सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुरातून प्रकाश सोडला तर शंभरांपैकी पासष्ट भाग प्रकाश वाटेत अडतो. आमच्या गाडीचा धूर चौऱ्याहत्तर भाग अडवीत होता. भारत स्टेज चारच्या डिझेल गाड्यांस हीच मर्यादा १.६२ आहे, म्हणजे शंभरास पन्नास.

परीक्षेपूर्वी एंजिन तापविण्यास जे सांगतात ते उगीच नव्हे. तेलाची उष्णता निदान ६० अंशांवर गेलेली असावी लागते. थंड एंजिनात डिझेलाचे तुषार नीट पेटत नाहीत, आणि मग निरोगी गाडीही रोगट ठरते. गावातून केंद्रापर्यंत दोन किलोमीटर हळूहळू गेलेली गाडी तापलेली नसते. दहा-पंधरा किलोमीटर चांगल्या वेगाने चालवून मगच ती केंद्रात न्यावी. नुसत्या मंद गतीवर तासभर उभे ठेवलेले एंजिन तर अधिकच वाईट, कारण त्या अवधीत धुराड्यात साचलेली काजळी परीक्षेच्या पहिल्याच झटक्यास बाहेर येते.

काळ्या धुराचा हिशेब आमच्या वाचकांस खताच्या हिशेबाप्रमाणे सहज कळेल. एक लिटर डिझेल पुरते जळावयास निदान दहा हजार लिटर हवा लागते. डिझेल एंजिनास तर याहून पुष्कळ जास्त हवा मिळावी अशीच त्याची रचना असते. इतकी हवा आत शिरण्याचा एकच रस्ता आहे, तो एअर फिल्टरमधून. आमच्या भागातील कच्च्या रस्त्यांवरून, मळणीच्या खळ्यांपासून व वीटभट्ट्यांजवळून फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरांपर्यंत टिकत नाही. फिल्टर तुंबला म्हणजे डिझेल तितकेच जाते पण हवा कमी पडते, आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर येतो. ती काजळी म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेले डिझेल होय. आमच्यापैकी कोणी पाटाचे पाणी फुटून ओढ्यास जाऊ लागलेले पाहिले तर तो हातातले काम टाकून धावेल. धुराड्यातून जाणारे डिझेल मात्र आम्ही 'गाडी म्हटल्यावर धूर येणारच' असे म्हणून शांतपणे पाहतो.

आमच्या पिकअपची हकीकत आता पुढे सांगतो. दिवाळीच्या सुमारास घाटात तिची ओढ कमी झाली, तेव्हा ड्रायव्हरने ती एका गॅरेजात नेली होती. तेथील कारागिराने पंपावरील शिशाचे सील तोडून स्क्रू पिळला व डिझेल वाढवून दिले. गाडी काही दिवस बरी ओढू लागली, म्हणून सर्व संतुष्ट झाले. ही युक्ती ट्रॅक्टरवाल्यांतही फार रूढ आहे. नांगर ओढत नाही, वाढवा डिझेल. नापास झाल्यावर त्याच गॅरेजात पुन्हा नेली असता पंप व चारही नोझल उघडावे लागतील असे सांगून मोठ्या खर्चाचा अंदाज देण्यात आला. एवढी रक्कम मंजूर करण्यापूर्वी आणखी एकास दाखवावे असे कार्यकारी मंडळात ठरले, व आम्ही स्वतः गाडीत बसून एका वृद्ध फिटराकडे गेलो. या गृहस्थांनी उमेदीची वर्षे विहिरींवरील ऑईल एंजिने दुरुस्त करण्यात घालविली असून मोटारीकडे ते पुढे वळले.

त्यांनी बॉनेट उघडले, पण पान्यास हात लावला नाही. ड्रायव्हरास एंजिन चढवावयास सांगून ते कान देऊन उभे राहिले. मग टर्बोकडून हवा नेणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या अंगास त्यांनी हात घातला व तेलकट काजळीने काळी झालेली बोटे आम्हांस दाखविली. नळी पट्ट्याजवळ, वरून न दिसेल अशी, चार बोटे फाटली होती. टर्बोने दाबून पाठविलेली हवा एंजिनात न जाता तेथूनच सुसाट बाहेर पडत होती. एअर फिल्टर काढून आपटला तर जमिनीवर मातीचा ढीग पडला. "अण्णा," ते आम्हांस म्हणाले, "हिला डिझेल नको, वारा हवाय. वारा मागत होती तर तुम्ही तिला डिझेल पाजलंत."

प्रकार असा झाला होता की नळी फाटल्यामुळे हवा कमी पडून ओढ गेली. ओढ गेली म्हणून डिझेल वाढविले. डिझेल वाढले, हवा मात्र तेवढीच, म्हणून धूर झाला. आणि धूर झाला म्हणून आता पंप बदलावयास निघालो होतो. नळी व फिल्टर मिळून जो खर्च आला तो त्या अंदाजाच्या विसाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. तथापि खरे ते सांगितले पाहिजे. एवढ्याने गाडी पास झाली असती की नाही याची फिटरासही खात्री नव्हती, कारण पंपाचे माप बिघडविलेले होते. तो पंप परीक्षण-मेजावर चढवून मूळच्या मापावर आणून पुन्हा सील करावा लागला. नोझलही तपासले, तेव्हा चारांपैकी तीन चांगले निघाले व एक थेंबथेंब गळत होते. डिझेलाचे धुक्यासारखे तुषार व्हावयाचे, त्याऐवजी थेंब पडू लागले की थेंबाचा बाहेरचा भाग जळतो व गाभा काजळी होतो. तेव्हा पहिल्या कारागिराचे सांगणे चार आणे खरे होते. परंतु आधी सोपे व स्वस्त ते पाहावे, मग अवघड, हा क्रम त्याने उलटा केला होता.

धूर नेहमी काळाच असतो असे नाही, आणि परीक्षेच्या यंत्रास रंगाशी कर्तव्य नसते. जे प्रकाश अडवील ते त्यास सारखेच. मालकाने मात्र रंग पाहिला पाहिजे. निळसर धूर म्हणजे एंजिनाचे तेल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, वालचे सील कडक झाले किंवा टर्बोचे सील गेले, की तेल ज्वलनाच्या जागी पोचते. एंजिन चालू असता तेल भरावयाच्या तोंडाचे झाकण जपून सैल करून पाहावे. तेथून जोराने भपकारे येत असतील तर रिंगांचा संशय घ्यावा. मग फिल्टर बदलून किंवा नोझल धुऊन काही साधणार नाही, एंजिन उघडावेच लागेल. पांढरा धूर हिवाळ्याच्या पहाटे क्षणभर आला तर त्याचे भय नको. एंजिन तापल्यावरही तो येत राहिला तर एक तर डिझेल न पेटताच वाफ होऊन जात आहे, म्हणजे टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बिघडले आहे, किंवा हेडचे गॅस्केट जाऊन रेडिएटरचे पाणी आत शिरत आहे. पाणी वरचेवर कमी होत असेल व तेल दुधाळ दिसत असेल तर दुसरे कारण धरावे आणि गाडी तशीच पुढे हाकू नये. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. त्या वाफेने तोंड भाजलेले लोक आमच्या पाहण्यात आहेत.

इंधनाविषयी एक सूचना. पुष्कळ शेतकरी डिझेल पिंपात साठवितात. पिंप अर्धे रिकामे असले की रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटते व तळाशी बसते. ते पंपात गेले की नोझलाच्या बारीक भोकांस गंज चढतो. फिल्टरखाली पाणी साठण्याची जी वाटी असते ती वरचेवर सोडून रिकामी करावी. रॉकेल मिसळण्याने तर दुहेरी तोटा होतो, कारण पंपाच्या आतील भागांस डिझेल हेच वंगण असते व रॉकेलात तो गुण कमी.

पेट्रोलच्या गाड्यांची परीक्षा निराळी आहे. तेथे धुराचा दाटपणा न मोजता एंजिन मंद चालू ठेवून धुराड्यात नळी घालतात व दोन वस्तूंचे प्रमाण काढतात. एक कार्बन मोनॉक्साइड, दुसरी हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले पेट्रोल. भारत स्टेज चारच्या मोटारीस पहिल्याची मर्यादा शेकडा ०.३ व दुसरीची दशलक्षात २०० भाग आहे. २००० सालानंतरच्या जुन्या चार-स्ट्रोक मोटारसायकलींस ती शेकडा ३.५ व दशलक्षात ४५०० भाग इतकी सढळ आहे. हे दोन आकडे वेगवेगळे वाचता येणे फार उपयोगाचे. कार्बन मोनॉक्साइड वाढला व दुसरा आकडा बरा असला तर पेट्रोल जास्त व हवा कमी असे समजावे. त्याची कारणे म्हणजे तुंबलेला फिल्टर, अर्धवट अडकून राहिलेला चोक, कार्बोरेटरच्या फ्लोटमधील बिघाड, किंवा नव्या गाडीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. न जळलेले पेट्रोल वाढले असेल तर ठिणगी चुकत आहे. प्लग काळा किंवा झिजलेला, प्लगची वायर फुटलेली, टायमिंग हललेले, किंवा एखादा वाल नीट बसत नाही. दोन्ही आकडे वाढले असतील व गाडी नवी असेल, तर धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असण्याचा संभव आहे. तो आपोआप सहसा बिघडत नाही. चुकणाऱ्या ठिणगीमुळे कच्चे पेट्रोल त्यात जाऊन जळते व तो आतून वितळतो, किंवा जळत्या तेलाची राख त्यावर बसते. तेव्हा मूळ दोष न काढता नवा कन्व्हर्टर बसविणे म्हणजे फुटक्या कणगीत दुसऱ्यांदा धान्य भरणे होय. सायलेन्सरला भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडे खोटे येतात. ते आधी बुजवून घ्यावे.

कार्बन मोनॉक्साइडच्या पायी इंधन किती वाया जाते ते पाहा. कार्बन पुरता जळला तर जितकी उष्णता मिळते, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उष्णता तो अर्धवट जळून मोनॉक्साइड झाला असता मिळते. उरलेली न वापरता धुराड्यातून जाते. पण या वायूविषयी पैशांहून मोठी गोष्ट सांगावयाची आहे. यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्यास तो प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. उन्हाळ्यात पाणी खोल गेले म्हणून पेट्रोलचा किंवा रॉकेलचा पंप विहिरीत उतरवून तेथेच चालू करणारे लोक अजून आहेत. खोल विहिरीत हा वायू कोंडतो, आत उतरलेल्या माणसाचे डोके दुखू लागते, मळमळते, झोप येते, आणि तो वर येत नाही. त्यास काढावयास उतरलेला दुसराही येत नाही. विहिरीत किंवा बंद खोपीत एंजिन चालवू नये, आणि कोणी बेशुद्ध पडल्यास मोकळी हवा पोचविल्यावाचून दुसऱ्याने खाली उडी घेऊ नये. हा मजकूर वाचणाऱ्यांनी तो घरातील तरुण मुलांस वाचून दाखवावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. डिझेलाच्या धुरासंबंधीही एवढे नमूद करतो की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली तो माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. आमच्या पिकअपच्या मागे क्रेट भरताना व उतरताना ज्या बायका उभ्या असतात, त्यांच्या तोंडासमोरच ते धुराडे येते. एंजिन बंद करून माल भरावा ही साधी गोष्ट आम्हांसही इतके दिवस सुचली नव्हती.

भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्या आता गावोगाव आल्या आहेत, त्यांचे दुखणे वेगळ्या प्रकारचे. त्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. त्यामुळे नोझल गळत असले तरी बाहेर धूर दिसत नाही, गाडी परीक्षेत खुशाल पास होते, आणि दोष आतल्या आत वाढतो. तो कळतो गाळणी लवकर भरून दिवा लागण्यावरून. गाळणीतील काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी काही वेळ चांगल्या वेगाने चालावी लागते. शेत ते गाव व गाव ते शेत एवढीच चालणारी गाडी ती संधी देत नाही. दिवा लागला की पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ती जाळून घ्यावी, मात्र त्या वेळी धुराडे भयंकर तापते. उसाच्या पाचटावर, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा वाळल्या गवतात अशी गाडी उभी करू नये. गाळणीच काढून टाकण्याचा सल्ला देणारे कारागीर भेटतात. तो फेरफार कायद्यात बसत नाही आणि पुढच्या परीक्षेत उघडा पडतो.

यांपैकी काही गाड्यांस डिझेलाखेरीज निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचे पाणी भरावे लागते. युरिया म्हटल्यावर शेतकऱ्याचा हात घरच्या गोणीकडे जाणारच! तसे करणारा एक गृहस्थ आम्हांस भेटला व त्याचा पश्चात्तापही आम्ही ऐकला. त्या द्रवात शेकडा ३२.५ भाग अतिशुद्ध युरिया व बाकी क्षारविरहित पाणी असते. शेतीच्या युरियास २०१५ पासून सक्तीने निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट असते, आणि विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. हे सर्व मिळून फवारणीचे तोंड बंद पडते व आतील महाग कॅटॅलिस्ट कायमचा खराब होतो. गोणीतला युरिया पिकासच घालावा.

सभासदांपैकी ज्यांनी पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून घेतले आहे, आणि अशांची संख्या आमच्या अंदाजापेक्षा मोठी निघाली, त्यांनी परीक्षेची वाट न पाहता आधी हवेच्या नळ्या तपासाव्या. एंजिन बंद व थंड असता प्रत्येक रबरी नळीखाली हात फिरवावा. बोटास तेलकट काजळी लागली की जागा सापडली. जुन्या नळीस पट्टी गुंडाळून काम भागत नाही, दाबाने ती दोन फेऱ्यांत सुटते. आमच्या ड्रायव्हरने तो प्रयोगही आधी करून पाहिला होता, असे मागाहून कळले.

पिकअपची परीक्षा फाल्गुनात पुन्हा झाली. घाट चढून आलेली गाडी तशीच गरम केंद्रात नेली. आकडा १.६ आला, म्हणजे पूर्वीपेक्षा निम्म्याजवळ. त्यानंतरच्या फेऱ्यांत क्रेट घेऊन घाट चढताना ड्रायव्हरास पहिला गिअर घालावा लागलेला नाही, व कल्याणच्या एका फेरीस पूर्वीपेक्षा सुमारे तीन लिटर डिझेल कमी लागते असे त्याच्या वहीवरून दिसते. प्रमाणपत्राची मुदत श्रावणात संपते. एअर फिल्टर त्याआधी, पहिल्या पावसाने धूळ बसली की लगेच, बदलावयाचा आहे. ही गोष्ट ड्रायव्हरने आपल्या बाजूच्या दारावर आतून खडूने लिहून ठेवली आहे.